थर्मामीटरला न दिसणारा गारवा

बातम्यांत "आज पारा ४२ अंशांवर" असं सांगतात तो पारा सावलीतला असतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. जगभरातल्या हवामान खात्यांचे तापमापक साधारण एकाच पद्धतीने ठेवलेले असतात. शक्यतो गवत असलेली मोकळी जागा, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंची आणि पांढऱ्या रंगाची, झडपांची पेटी. आत ऊन शिरत नाही, वारा मात्र खेळता राहतो. त्यामुळे मिळतो तो आकडा निव्वळ हवेचा. भर दुपारी डांबरी रस्त्याने चालणारा माणूस काही त्या पेटीत बसलेला नसतो. त्याच्या अंगाला जे भाजतं त्यातलं बरंचसं या आकड्यात धरलेलंच नाही.

शहरातल्या झाडांबद्दलचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. कुणीतरी झाडाखाली तापमापक धरतो, मग बाहेर उन्हाकडेला तसाच आडोशाने धरतो आणि फरक निघतो एक-दोन अंशांचा. "एवढ्याशा फरकासाठी रस्त्याचं रुंदीकरण अडवायचं का?" हा प्रश्न मग ठरलेलाच. आकडा खोटा नाही. पण त्याच रस्त्यावर दुपारी तीनला उभं राहून पाहावं. माणसं वाकडी वाट करून सावलीच्या बाजूने चालतात, दुचाकीवाले सिग्नलच्या बरेच आधी, झाडाची सावली संपते तिथेच थांबतात. दीड अंशासाठी कुणी एवढी धडपड करत नाही.

उन्हात उभ्या असलेल्या माणसावर उष्णता चहूबाजूंनी येते. वरून थेट ऊन. आकाश निरभ्र असेल तर सूर्यासमोरच्या दर चौरस मीटरवर भर दुपारी साधारण १,००० वॉट इतकी ऊर्जा पडते. खालून रस्ता. काळं डांबर पडलेल्या उन्हातलं ९० टक्क्यांच्या आसपास गिळून टाकतं आणि तापून सहज ६० अंशांवर जातं. तापलेली कुठलीही वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडत असते आणि ६० अंशांच्या डांबराच्या दर चौरस मीटरमधून असे साडेसहाशे वॉट बाहेर पडतात. पायांना, पोटऱ्यांना जी धग लागते ती हीच. लहान मुलं रस्त्याच्या जास्त जवळ असतात, म्हणून त्यांना ती अधिक लागते. शिवाय बाजूंनी भिंती, पत्रे, उन्हात लावून ठेवलेल्या गाड्यांचे टप. या सगळ्यात भर म्हणून शरीर स्वतःही उष्णता तयार करतच असतं. स्वस्थ बसलेला माणूस १०० वॉटच्या आसपास, चालणारा त्याच्या दुप्पट-तिप्पट.

हा चौफेर मारा मोजायला शास्त्रज्ञ 'सरासरी प्रारण तापमान' नावाचं वेगळं माप वापरतात. नाव बोजड आहे, कल्पना सोपी. सूर्य, रस्ता, भिंती, आकाश या सगळ्यांकडून अंगावर येणारे किरण एकत्र धरायचे. तेवढेच किरण सोडणाऱ्या भिंतींच्या एका बंद खोलीत माणूस बसला आहे असं मानायचं. त्या भिंती किती तापलेल्या असाव्या लागतील, तो आकडा म्हणजे हे माप. भर उन्हात मोकळ्या रस्त्यावर ते ६० अंशांच्या पुढे जातं, हवा ३५ अंशांची असली तरी. दाट पानांच्या झाडाखाली पाऊल टाकलं की तेच माप २० ते ३० अंशांनी खाली येऊ शकतं. एक-दोन अंश आणि वीस-तीस अंश, दोन्ही आकडे एकाच झाडाचे आहेत. पहिला हवेला काय वाटलं ते सांगतो, दुसरा माणसाला काय वाटलं ते.

सावलीच हवी तर पत्र्याची शेड टाकू, असंही सुचवलं जातं. पत्रा ऊन अडवतो हे खरं, पण अडवलेलं ऊन पचवायची सोय त्याच्याकडे नाही. तो तापतो आणि खाली उभ्या असलेल्यांवर स्वतःच किरण सोडू लागतो. दुपारच्या बसथांब्यावर पत्र्याखाली उभं राहिल्यावर टाळूवर जाणवणारा ताप तोच. पान मात्र, त्याला पाणी मिळत असेल तर, भर उन्हातही आजूबाजूच्या हवेइतकंच किंवा किंचित कमी-जास्त तापमान राखून असतं. त्यामागे दोन कारणं आहेत. उन्हातल्या अवरक्त भागाचा मोठा हिस्सा पान शोषून घेतच नाही, परतवून किंवा आरपार सोडून देतं. आणि जे शोषतं त्यातलं बरंचसं पाण्याच्या वाफेबरोबर बाहेर टाकतं.

ही वाफेची गोष्ट जरा सावकाश पाहण्यासारखी आहे. पानाच्या पाठीवर, बहुतेक झाडांत खालच्या बाजूला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. ती पर्णरंध्रं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी झाडाला ती उघडावीच लागतात आणि उघडली की आतलं पाणी वाफ होऊन निसटतं. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून अधिक असंच हवेत जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल, विजेच्या भाषेत ०.६८ युनिट, इतकी उष्णता लागते आणि ती पानातून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते. घामाने आपलं अंग थंड होतं तेही याच हिशेबाने.

चांगलं वाढलेलं, मुळाशी ओल असलेलं मोठं झाड उन्हाळ्याच्या दिवसात १०० लिटर पाणी सहज हवेत सोडू शकतं. १०० लिटर म्हणजे ६८ युनिट उष्णता. एक टनाचा एसी तासाला साधारण साडेतीन युनिट उष्णता खोलीतून बाहेर काढतो. म्हणजे असे दोन एसी जवळजवळ दहा तास चालवल्याइतकं काम झालं. ही तुलना लोकांना फार आवडते, पण ती अर्धीच सांगितली जाते. एसी चार भिंतींच्या आत काम करतो, झाड उघड्यावर. त्याने थंड केलेली हवा वाऱ्याबरोबर लगेच पुढे जाते, म्हणून तापमापकात दीड अंशच दिसतो. दुसरीकडे, एसी उष्णता नाहीशी करत नाही. खोलीतली उष्णता आणि स्वतः खाल्लेली वीज, दोन्ही मिळून तो बाहेरच्या गल्लीत ओततो. एका घराचा गारवा हा शेजारच्या खिडकीचा उकाडा असतो.

वाफेचा हा खेळ सगळीकडे सारखा चालत नाही. कोरड्या हवेच्या शहरात तो भरपूर उपयोगी. समुद्रकाठच्या दमट शहरात हवा आधीच पाण्याने भरलेली, तिथे वाफ कमी होते आणि जी होते तिने दमटपणात थोडी भरच पडते. अशा ठिकाणी झाडाची खरी किंमत सावलीत. म्हणून दमट शहरात झाडांची भिंत उभारून वारा कोंडण्यापेक्षा उंच बुंध्याची, वर पसरणारी झाडं लावून खालून वाऱ्याला वाट ठेवणं शहाणपणाचं.

रात्रीचं गणित निराळं आहे आणि माझ्या मते शहरी उष्म्याचा जास्त धोकादायक भाग तोच. लंडनमधला ल्यूक हॉवर्ड हा पेशाने औषधद्रव्यं बनवणारा माणूस. ढगांना आज जी नावं आहेत त्यांची पद्धत त्यानेच घालून दिली. वर्षानुवर्षं शहरातलं आणि बाहेरच्या खेड्यांतलं तापमान टिपून त्याने १८१८ ते १८२० मध्ये लंडनच्या हवामानावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शहर रात्री खेड्यांपेक्षा सरासरी २ अंश सेल्सियसने गरम निघालं, दिवसा मात्र उलट, अगदी किंचित थंडच. शहर हे उष्णतेचं बेट आहे असं आज म्हणतात त्याचं हे पहिलं नीट मोजमाप.

कारणं तेव्हापासून फारशी बदललेली नाहीत, फक्त मोठी झाली आहेत. काँक्रीट, वीट, दगड आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात आणि सूर्य मावळल्यावर ती सावकाश सोडत बसतात. मोकळ्या माळावरची जमीन ती थेट आकाशाकडे सोडून देते. अरुंद रस्त्याच्या दुतर्फा उंच इमारती असल्या की आकाशाची नुसती पट्टी दिसते आणि एका भिंतीने सोडलेले किरण समोरची भिंत झेलते. त्यात गाड्या, यंत्रं, एसी यांची उष्णता. आणि सगळी जमीन फरशीखाली गेल्यामुळे वाफ व्हायला ओलही नाही.

दिवसा अंगावर पडलेला ताण शरीर रात्री भरून काढतं. रात्रच गार झाली नाही तर हृदयाला उसंत मिळत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसं कोसळू लागतात. जुलै १९९५ मध्ये शिकागोत काही दिवसांच्या लाटेत नेहमीपेक्षा सातशेहून अधिक मृत्यू झाले. पुष्कळसे वृद्ध होते, एकटे राहणारे, कोंदट घरांतले. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं गेली. यातली बहुतेक भर रस्त्यात चक्कर येऊन पडलेली नव्हती, आपापल्या खोल्यांत होती.

मग रात्री झाड काय करतं? खरं सांगायचं तर फारसं नाही. अंधार पडला की पर्णरंध्रं बहुतांशी मिटतात, सावलीचा प्रश्नच उरत नाही. उलट अरुंद गल्लीवर पानांचं गच्च छत असेल तर रस्त्याची उष्णता वर निसटायला थोडी अडतेच. झाडाचं रात्रीचं काम दिवसाच उरकलेलं असतं. ज्या भिंतीवर आणि ज्या रस्त्यावर ऊन पडलंच नाही, त्यांच्याकडे रात्री सोडायला साठाही कमी असतो. म्हणून पश्चिमेकडच्या भिंतीसमोरचं झाड सर्वांत जास्त कामाचं. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, थेट भिंतीवर आणि खिडक्यांवर आदळतं आणि तीच उष्णता रात्री बिछान्यापर्यंत पोहोचते. रात्रीच्या गारव्यासाठी मात्र झाडांच्या जोडीला उघडी माती आणि गवताचे मोकळे तुकडेही लागतात. नुसती झाडंच झाडं, मध्ये मोकळं काहीच नाही, असा बगीचा दुपारी उत्तम, रात्री मध्यम.

अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात संशोधकांनी हे सायकलवरून मोजलं. सायकलला तापमान टिपणारी छोटी उपकरणं लावली आणि गल्लीबोळांतून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दिवसाच्या हवेचं तापमान ठळकपणे उतरायला एका चौकाएवढ्या परिसरातली ४० टक्क्यांहून अधिक जमीन झाडांच्या छत्राखाली असावी लागते. दहाचे वीस टक्के केले तर फरक थोडा, पण चाळिशी ओलांडली की तो भराभर वाढतो. आणि रात्री? झाडांपेक्षा जमीन किती झाकली गेली आहे, याचाच पगडा जास्त.

दुसरा अभ्यास युरोपातल्या ९३ शहरांचा, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. त्या शहरांत वृक्षछत्र सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास होतं. ते ३० टक्के असतं तर शहरांचं सरासरी तापमान ०.४ अंशाने उतरलं असतं. ऐकायला अगदीच किरकोळ. पण त्याच हिशेबाने २०१५ च्या एका उन्हाळ्यात, शहरी उष्म्यापायी गेलेल्या सुमारे ६,७०० जणांपैकी अडीच हजारांहून अधिक माणसं वाचली असती. आणि यात फक्त हवेचं तापमान धरलं आहे. सावलीतून मिळणारा तो वीस-तीस अंशांचा दिलासा या हिशेबात आलेलाच नाही.

या दोन्ही अभ्यासांत झाडांची संख्या कुठेच नाही, छत्राखालची जमीन आहे. शहरांचे कारभार मात्र बहुधा संख्येवर चालतात. एक जुनं झाड तोडलं, बदल्यात दहा रोपं लावली, कागदावर नऊची बेरीज. साधं गणित करून पाहू. बारा मीटर व्यासाच्या छत्राखाली ११३ चौरस मीटर सावली पडते. एक मीटर व्यासाच्या रोपट्याखाली पाऊण चौरस मीटरहून जरा जास्त. तोडलेल्या एका झाडाची सावली भरून काढायला अशी १४४ रोपं लागतील, तीही सगळी जगली तर. शिवाय त्या पाऊण मीटरच्या सावलीत माणूस उभा राहू शकत नाही. रोपं वाढतील हे मान्य, पण त्याला वीस-तीस वर्षं लागतात आणि मधले उन्हाळे कुणी पुढे ढकलू शकत नाही. 'दहाला एक' हा हिशेब मला भरपाई वाटत नाही. ती उधारी आहे आणि फेडीची हमी कुणाचीच नाही.

झाडं ऑक्सिजन देतात, या युक्तिवादाने शहरी झाडांची बाजू मांडणाऱ्यांबद्दलही माझी तक्रार आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि झाडं असलेल्या-नसलेल्या रस्त्यावर तो तेवढाच असतो. रस्त्यावरच्या झाडाने साठवलेला कार्बनही शहराच्या धुरापुढे नगण्य. सावलीसारखी हाताशी असलेली, मोजता येणारी गोष्ट सोडून लोक नेमका हा कच्चा मुद्दा घेऊन भांडायला जातात आणि समोरचा तो दोन मिनिटांत खोडून काढतो.

रस्त्यावरची झाडं मोठी का होत नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा वर पाहून मिळत नाही, खाली पाहून मिळतं. पदपथावरचं एखादं झाड जवळून बघा. बुंध्याला चिकटून फरशी बसवलेली आहे, सिमेंट खोडापर्यंत आलं आहे, बुंधा फुगल्यावर कडेची फरशी उचलली गेली आहे. शेंड्याकडच्या फांद्या उघड्या पडू लागल्या आहेत, पानांच्या कडा करपल्या आहेत. लोक म्हणतात कीड लागली. पुष्कळदा ते गुदमरणं आणि तहान असते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात आणि रस्ता बांधताना नेमका तोच थर रोलरने दाबून दगडासारखा केलेला असतो. फरशी उचलणारं मूळ काही मुद्दाम नासधूस करत नसतं. फरशीच्या खालच्या वाळूत हवा आणि ओल सापडते म्हणून ते तिकडे जातं.

आठ मीटर व्यासाचं छत्र पोसायला ढोबळ मानाने १५ ते ३० घनमीटर भुसभुशीत माती लागते. एका मीटरच्या चौकोनी खड्ड्यात ती एक घनमीटर मिळते. मग झाड तेवढंच वाढतं आणि थांबतं. स्टॉकहोम शहराने यावर तोडगा म्हणून पदपथाखाली मोठ्या दगडांचा थर घालायला सुरुवात केली. दगड एकमेकांवर टेकून वरचं वजन पेलतात, मधल्या फटींत माती आणि कोळशाची भुकटी राहते आणि पावसाचं पाणी तिथे वळवलं जातं. वरून माणसं आणि गाड्या जातात, खाली मुळं पसरतात. पाणी गटारात न जाता मुळाशी मुरतं, म्हणजे एरवी वेगळे खर्च मागणारी दोन कामं एकाच खड्ड्यात होतात.

पाण्याचा प्रश्न सुटला नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे. माती कोरडी पडली की झाड जीव वाचवायला पर्णरंध्रं मिटून घेतं, वाफ थांबते आणि ज्या आठवड्यात गारवा सर्वांत हवा असतो त्याच आठवड्यात तो मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात उलटं चित्र दिसलं. मुळाशी ओल असलेल्या निलगिरीच्या झाडांनी ४३ अंशांहून अधिक उष्णतेत प्रकाशसंश्लेषण जवळजवळ बंद केलं, तरी पाणी सोडत राहिली आणि पानं वाचवली. मेलबर्नमध्ये तर दीर्घ दुष्काळात हजारो झाडं खंगली, तेव्हा कुठे शहराने २०१२ मध्ये धोरण आखलं. छत्र २२ टक्के होतं, ते २०४० पर्यंत ४० टक्के करायचं. त्याच सुमारास तिथल्या प्रत्येक झाडाला ईमेल पत्ता दिला गेला, मोडलेल्या फांद्यांच्या तक्रारी कळाव्यात म्हणून. लोकांनी तक्रारी कमी आणि झाडांना उद्देशून प्रेमपत्रंच जास्त पाठवली!

छत्र कुठे आहे, हा प्रश्न किती आहे याइतकाच महत्त्वाचा. अमेरिकेत १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी वस्त्यांचे नकाशे काढले गेले आणि मुख्यतः कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्या लाल रंगाने 'धोकादायक' म्हणून रंगवल्या गेल्या. २०२० मध्ये १०८ शहरांचा उपग्रहांच्या मदतीने अभ्यास झाला, तेव्हा त्या जुन्या लाल वस्त्यांची जमीन आजही इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंशांनी जास्त तापते असं आढळलं. त्या वस्त्यांत झाडं कमी आणि डांबर जास्त. आणि एसी परवडत नाही, उन्हातलं काम टाळता येत नाही अशी माणसं कुठल्याही देशात बहुधा अशाच भागांत राहतात. शहराची सरासरी ३० टक्के झाली आणि ती सगळी बंगल्यांच्या आवारांत असली, तर अहवाल चांगला दिसेल, मृत्यू तेवढेच राहतील.

म्हणून पैसा आणि माणसं मोजकी असतील तर माझा क्रम असा. आधी जी मोठी झाडं उभी आहेत ती राखायची. बुंध्याभोवतीचं सिमेंट निदान एक मीटर मागे घ्यायचं, फरशी फोडताना यंत्राऐवजी हाताने फोडायची म्हणजे मुळं तुटत नाहीत, उघड्या मातीवर पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्यायचा. तो थर बुंध्याला टेकू द्यायचा नाही, नाहीतर साल कुजते. छाटणी करताना तारांसाठी हव्या तेवढ्याच फांद्या काढायच्या, शेंडा उडवायचा नाही. मग नवी झाडं. तीही आधी शाळा, दवाखाने, बसथांबे आणि पायी चालणाऱ्यांचे रस्ते इथे, शोभेच्या दुभाजकात नंतर. ताडमाडाच्या जातीची टाळायची, कारण त्यांची सावली शेंड्याएवढीच. एकाच जातीच्या रांगा लावायच्या नाहीत, एक रोग आला की सगळा रस्ता उघडा पडतो. आणि पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालायचं काम कुणाचं, हे रोप खड्ड्यात उतरवण्याआधी लिहून ठेवायचं, नावानिशी.